उरक

पौषातली सकाळ होती. खळ्यात सुपारी पसरलेली, तिच्यावर उन्हाचा पहिला तिरपा पट्टा आलेला, आणि मी ओटीच्या कडेला बसून अडकित्त्यानं गोळी कापत होते. गोळी ती केवढी, हरभऱ्याच्या डाळीहून जराशी मोठी, फिकट गुलाबी. कार्बिमाझोल, पाच मिलिग्रॅम. डॉक्टरांनी नुकतीच ती अर्ध्यावर आणली होती. सुरीनं कापली की भुगा होतो, नखानं मोडली की एक तुकडा मोठा आणि एक छोटा निघतो, आणि मग आज कुठला घ्यायचा यावर मी पाच मिनिटं विचार करत बसते. सासूबाईंचा अडकित्ता मात्र असा चोख की सुपारीची पाकळी कापावी तर कागदासारखी. म्हणून तो. त्या दिवशी पातं बसलं, एक अर्धुक पाटावर राहिलं आणि दुसरं उडालं. आवाजसुद्धा झाला नाही. सरळ खळ्यात, हजारभर सुपाऱ्यांच्या मध्ये.

मी उतरले आणि शोधायला लागले. आधी वाकून, मग उकिडवी बसून, मग चक्क गुडघ्यांवर रांगत. एकेक सुपारी उचलायची, खाली बघायचं, बाजूला ठेवायची. सारवलेल्या जमिनीवर गुलाबी ठिपका दिसायला हवा होता. दिसत होती ती चोडांची कुसं, कोंबडीचं एक पीस, मुंग्यांची रांग. सासूबाई ओटीवरून बघत होत्या. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण नजर घारीची.

“काय सांडलं गो?”

“गोळी, आई. अर्धी.”

“हात् मेली! अर्ध्या गोळीनं काय होतंय? दुसरी काप.”

बरोबरच होतं त्यांचं. बाटलीत गोळ्या ढीगभर होत्या, आणि एका गोळीला एका चहाएवढेही पैसे पडत नाहीत. दुसरं अर्धुक तर पाटावरच पडलेलं होतं, त्या दिवसाचं काम त्यानं भागलं असतं. तरी मी पाऊण तास खळ्यात रांगत होते आणि उठले तेव्हा माझे डोळे भरून आलेले होते. कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही. दिवसभर कामं करताना ते मनात टोचत राहिलं, पायात मोडलेल्या बोराटीच्या काट्यासारखं, दिसत नाही आणि पाऊल टेकलं की जाणवतं.

आमच्याकडे बाईचं कौतुक दोनच गोष्टींवरून होतं. हाताला चव आणि कामाला उरक. चव माझी बेताचीच. लग्न होऊन मी या आगरात आले तेव्हापासून माझ्या आमटीला कुणी नावं ठेवली नाहीत आणि कुणी दुसऱ्यांदा वाढूनही घेतली नाही. उरकही मध्यम. गुहागरकडच्या बायका पहाटे उठून रहाटाच्या आवाजाबरोबर कामाला लागत, त्या परंपरेत मी सात वाजता चहाचा कप हातात धरून समुद्राकडे बघत बसणारी. सासूबाई बोलत नसत, पण त्या न बोलण्यालाही एक वजन असे.

आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या त्या वैशाखात मला उरक आला.

पहाटे तीनला टक्क जाग यायची. पडून राहणं अशक्य व्हायचं. उठून मी भांडी घासायचे, मग माजघरातली फडताळं रिकामी करून पुसायचे, मग उजाडायच्या आत आगरातल्या झावळ्या ओढून रचून ठेवायचे. रातांब्याच्या चार पाट्या मी एका दुपारी एकटीनं फोडल्या. सालं वेगळी, बिया वेगळ्या, सालांना रसाचं एक पुट देऊन संध्याकाळपर्यंत वाळत घातली. फणसपोळीच्या ताटांनी पडवी भरून गेली. आंब्याची साठं घालून झाली तरी हात थांबेनात, तेव्हा मी शेजारणीच्या घरी जाऊन तिची घालून दिली. सासूबाई पहिल्यांदाच चारचौघांत म्हणाल्या, “आमच्या सुनेला काय उरक आहे हो!” मला आठवतं, मी तेव्हा लाजले होते. शेचाळीस वर्षांची बाई, लाजले.

घाम यायचा, पण वैशाखात कोकणात कुणाला येत नाही? लुगड्याचे बोळे पिळून काढावेत तसे सगळेच पिळलेले असतात. मी ओटीवर उघड्या गारव्याला, चटईसुद्धा न घेता झोपायचे, तर नवराही तिथेच झोपायचा. सात पोळ्या खाऊन पुन्हा भूक लागायची आणि वजन मात्र तीन महिन्यांत नऊ किलो उतरलं. सुट्टीला आलेल्या मुंबईच्या जाऊबाईंनी तर कोपऱ्यात घेऊन विचारलं, “खरं सांग, काय करतेस?” मी म्हटलं काही नाही, काम. त्यांना ते पटलं नाही. बारीक होण्याचं गुपित मी लपवते आहे असं वाटून त्या जराशा फुगूनच परत गेल्या.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. रात्री उशीला कान लावला की लाटांचा आवाज ऐकत झोपण्याची माझी वीस वर्षांची सवय. त्या दिवसांत उशीला कान लावला की लाटांच्या वर माझंच काळीज ऐकू यायचं. धडधड, धडधड, पोह्यांच्या गिरणीसारखं. समुद्र एक लाट आणून परत नेईपर्यंत माझे दहा-बारा ठोके पडून गेलेले असायचे. आणि राग. मांजरानं दूध सांडलं म्हणून मी डाव फेकून मारला. नवरा पापड खाताना जो आवाज होतो त्या आवाजावरून मी ताटावरून उठून गेले. पापडाचा आवाज होणारच. ते मलाही कळत होतं, पण कळून थांबता येत नव्हतं.

पकडली गेले ती गणपतीत. एकवीस मोदकांचा घाणा, उकड छान मऊसूत मळलेली, आणि माझ्या बोटांत कळ्या येईनात. पारीला चिमूट घ्यावी तर चिमूट थरथरे, शेजारची कळी फाटे, सारण बाहेर येई. माझी चव कितीही बेताची असली तरी मोदकाला हात बरा होता. तीन पाऱ्या फाडल्यावर मी उकडीचा गोळा ताटात आपटला. पुण्याहून आलेली पुतणी औषधशास्त्र शिकते, ती चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, “काकू, दोन्ही हात पुढे करा बघू. बोटं पसरा.” आणि तिनं आरत्यांचा एक सुटा कागद माझ्या पसरलेल्या बोटांवर ठेवला. कागद फडफडायला लागला. वारा नव्हता. ‘सुखकर्ता दुखहर्ता’च्या ओळी डोळ्यांसमोर थरथरत होत्या आणि स्वैपाकघरात सगळ्या गप्प झाल्या.

विसर्जनानंतर चिपळूणला गेलो. बसल्या जागी माझी नाडी मिनिटाला ११८ होती, हे डॉक्टरांनी मोजल्यावर मला कळलं. रक्ताच्या कागदावर टीएसएच जवळजवळ शून्य, टी-३ आणि टी-४ ही गळ्यातल्या ग्रंथीची हार्मोनं मर्यादेच्या वर, आणि अँटिबॉडीची तपासणी होकारार्थी. ग्रेव्ह्जचा आजार. डॉक्टरांनी बरंच समजावलं, पण मला ते उमगलं ते घरी येताना घाटातल्या वळणांवर, माझ्या पद्धतीनं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी म्हणजे आगरातले गडी. मेंदूच्या तळाशी बसलेली पिट्युटरी हा मुकादम, आणि टीएसएच ही त्याची हाक. गडी कमी पडले की तो जोरात ओरडतो, काम पुरे झालं की गप्प बसतो. माझ्या बाबतीत शरीरानं स्वतःच अशी अँटिबॉडी तयार केली होती जी हुबेहूब मुकादमाचा आवाज काढत होती. गडी रात्रंदिवस राबत होते. खरा मुकादम केव्हाच बोलायचा थांबला होता, म्हणून कागदावर त्याचा आकडा शून्य. माझा उरक म्हणजे हे. कुणीतरी खोट्या आवाजात हाका मारत होतं आणि मी धावत होते.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग माजघरातल्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, “ताईवन्सांचा उरक असाच होता.”

ताईवन्सं म्हणजे सासऱ्यांची मोठी बहीण, मी येण्याच्या कितीतरी आधी गेलेल्या. त्यांचा एकच फोटो आहे, काळपट पडलेला. त्यात त्या कॅमेऱ्याकडे नुसत्या बघत नाहीत, बुबुळांच्या वरही पांढरं दिसेल इतके डोळे उघडून बघतात. मुलं त्या फोटोखाली झोपायला घाबरत. त्यांच्या कथा घरात होत्याच: रात्री दोनला जात्यावर बसत, दळता दळता मोठमोठ्यानं बोलत, थंडीत विहिरीवर जाऊन डोक्यावरून घागर घागर पाणी घेत. अंगात येतं म्हणून त्यांना कुठे कुठे नेलं होतं. मान जाड झाली होती म्हणे, म्हणून गळ्यातली ठुशी बसेना, ती काढून सासूबाईंना दिली. ती ठुशी आजही आहे. मी फोटोवरून निदान करणार नाही. ते खुद्द डॉक्टरांनीही केलं नाही, मी दाखवला तेव्हा फक्त मान हलवली. पण १८३५ साली आयर्लंडच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी या आजाराचं वर्णन केलं तेव्हा त्यांच्यासमोरही अशाच बायका होत्या, सतत धडधड होणाऱ्या, गळा सुजलेल्या. तेव्हाच्या डॉक्टरांकडे अशा बायकांसाठी हिस्टेरिया हा शब्द तयारच असायचा. आमच्याकडे अंगात येणं होतं. पाच वर्षांनी जर्मनीत बेसेडो यांनी धडधड, गलगंड आणि बाहेर आलेले डोळे ही तिन्ही लक्षणं एका दोऱ्यात ओवली, म्हणून जर्मनीकडे याला त्यांच्याच नावानं ओळखतात. ताईवन्सांच्या वेळी ही सगळी माहिती शंभर वर्षं जुनी होती. गुहागरला पोचायची होती, एवढंच.

यावर घरातल्या पुरुषांनी वेगळाच निष्कर्ष काढला. ताईवन्सं घरची लेक आणि मी बाहेरून आलेली सून, रक्ताचा संबंध नाही, मग दोघींना एकच आजार कसा? विहीर! दिरांनी तर पाण्याची बाटली भरून तपासायला नेण्याची तयारी केली. मला हसू आलं, पण त्यांना हसता येत नाही, कारण हाच संशय अमेरिकेच्या अध्यक्षांच्या घरातही आला होता. बार्बरा बुश यांना १९८९ मध्ये ग्रेव्ह्ज निघाला आणि १९९१ मध्ये जॉर्ज बुश धावता धावता हृदयाचे ठोके चुकले म्हणून रुग्णालयात गेले, तर त्यांनाही तोच. नवरा-बायको, रक्ताचं नातं नाही. भरीला त्यांच्या कुत्रीलाही ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याचा दुसरा एक प्रकार. मग व्हाइट हाऊसचं आणि त्यांच्या इतर घरांचं पाणी तपासलं गेलं. हाती काही लागलं नाही. आमच्या विहिरीचं पाणीही निर्दोष सुटलं, थोडं मचूळ, पण ते आम्हाला आधीच ठाऊक होतं. दिरांचा मात्र अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. ते आले की उकळलेलं पाणी मागतात.

औषध सुरू झालं ते दिवसाला तीस मिलिग्रॅमनं, शिवाय धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल. या दुसऱ्या गोळीनं दोन दिवसांत हात स्थिर झाले आणि मला वाटलं, झालं की बरं. डॉक्टर म्हणाले, ही फक्त ढोल बडवणाऱ्याचा हात धरते, ढोल तिथेच आहे. खरं काम कार्बिमाझोलचं, आणि ते सावकाश होतं, कारण ग्रंथीत आधीच तयार होऊन साठलेलं हार्मोन संपायला आठवडे जातात. एक सूचना त्यांनी तीनदा दिली आणि कागदावर लाल शाईनं लिहून दिली: घसा दुखला आणि ताप आला तर गोळी थांबवा, त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजा. या गोळीनं त्या पेशी घटणं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. दिवाळीच्या आधी चकल्यांच्या धुरात माझा घसा बसला आणि रात्री अंगात एकशे एक ताप. नवऱ्यानं शेजाऱ्यांची गाडी काढली. काळोखात मोडकाआगरच्या वळणांवर मी गळा धरून बसले होते आणि सारखी थुंकी गिळून बघत होते, दुखतंय का, किती दुखतंय. पेशी नीट निघाल्या. साधी सर्दी. परत येताना नवरा म्हणाला, “चकल्या जळल्या असतील.” जळल्या होत्या.

मग माझीच चूक झाली. सुपारीचा हंगाम, मजुरांची बोंब, त्यात घरातलं एक लग्न, आणि सहा आठवड्यांनी करायची रक्ततपासणी मी साडेतीन महिने केली नाही. गोळ्या मात्र न चुकता घेत होते, शहाण्यासारख्या. माघात मी थंडी वाजते म्हणून कोकणात स्वेटर घालून बसलेली बाई झाले होते. नारळ सोलायला घेतला तर सुळ्यापाशी उभ्या उभ्या झोप यायची. चेहरा सुजलेला, पोट साफ नाही, गेलेलं वजन व्याजासह परत. कुणी हाक मारली तर ती दुसऱ्या कुणाला तरी असावी असं वाटायचं. टीएसएच १४. शून्यावरून चौदावर! मुकादम आता घसा फोडून ओरडत होता आणि मी औषधानं गड्यांचे हात बांधून ठेवले होते. गोळी लगेच कमी झाली, पण ते दोन महिने मला विसरता येत नाहीत. ऐंशीच्या सासूबाई माझ्या आधी उठत, पाणी तापवत, चहा टाकत. एकदा मी अंथरुणातून ऐकलं, त्या गवळ्याला सांगत होत्या, “सून सुस्तावलीय जरा.” मेमध्ये हीच बाई चारचौघांत माझं कौतुक करत होती. तीच मी, तोच गळा.

या काळात उपाय सांगणाऱ्यांना ऊत आला होता. समुद्राकाठच्या माणसाला थायरॉईड होतोच कसा, हा पहिला प्रश्न. यात लोकांची चूक नाही. शाळेपासून गलगंड म्हणजे आयोडीनची कमतरता आणि डोंगरातली माणसं, असंच डोक्यात बसलेलं. १९५६ मध्ये हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला, तिथले गळे उतरले, आणि त्यातून पुढे देशभर मिठात आयोडीन आलं. माझं दुखणं त्याच ग्रंथीचं, पण उलट्या दिशेचं, आणि आयोडीनच्या कमतरतेशी त्याचा संबंध नाही. तरी एकानं सांगितलं, पुडीतलं मीठ सोडा, मिठागरातलं खडे मीठ खा, त्यात समुद्राचं आयोडीन असतं. दुसऱ्यानं सांगितलं, खडे मीठ खा कारण त्यात आयोडीन नसतं. दुसरा बरोबर होता, खाडीच्या मिठात वाळता वाळता नावापुरतंच आयोडीन उरतं, पण म्हणून ते खाण्यात काही अर्थ होता असं नाही. पुडीच्या मिठात किलोला किमान पंधरा मिलिग्रॅम असतं, तेवढ्यानं माझं काही बिघडणार नव्हतं. डॉक्टरांनी फक्त समुद्री शेवाळाच्या आणि आयोडीनच्या टॉनिकच्या वाटेला जाऊ नका म्हणून सांगितलं. कुणीतरी कोबीनं थायरॉईड दबतो असं सांगितल्यावर मी महिनाभर कच्च्या कोबीची कोशिंबीर खाल्ली. त्यानं जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

सगळ्यांत मोठी फजिती केसांची. केस मुठीनं गळत होते, तेव्हा मुंबईच्या त्याच जाऊबाईंनी प्रेमानं बायोटिनच्या गोळ्या पाठवल्या. गळती थांबली की नाही देव जाणे, पण भर पावसात केलेली तपासणी पाहून माझ्या पोटात गोळा आला. टीएसएच पुन्हा खाली, टी-४ वर. मी पंधरा दिवस पुरेल एवढं रडून घेतलं. डॉक्टरांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, नाडी मोजली आणि विचारलं, “केसांसाठी काही घेता?” बायोटिन रक्ताच्या काही चाचण्यांमध्ये लुडबुड करतं, तब्येत ठीक असली तरी आकडे हायपरचे, म्हणजे ग्रंथी जास्त राबत असल्याचे दाखवतं. त्या गोळ्या बंद करून काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, आकडे नीट. जाऊबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर वीस, पंधरा, दहा, पाच असे उतरत गेलो. लोकांना वाटतं औषध कमी होणं म्हणजे आनंद. आनंद असतोच. पण तीस मिलिग्रॅमवर असताना मी काही करत होते. गोळी भिंतीसारखी मधे उभी होती. ती भिंत एकेक चिरा काढत उतरवायची आणि पलीकडे ते अजून आहे की गेलं हे कान लावून ऐकायचं, हे काम वेगळंच. डॉक्टरांनी लपवलं नाही. वर्ष-दीड वर्ष औषध घेऊन थांबवलं की साधारण निम्म्यांना पुन्हा होतं. दोघींत एक. पुन्हा झालं तर मग किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया. मुंबईत परळला अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून आहे, तिथे जाऊन एक घोट प्यायचा, ग्रंथी ते आयोडीन नेहमीच्या हावरटपणानं ओढून घेते आणि स्वतःलाच जाळून घेते. बहुतेकींना पुढे जन्मभर दुसरी गोळी, कमतरतेची. पुतणीच्या मते हेच सोपं. असेलही.

पण माझी अडचण आकड्यांची नव्हतीच. सकाळी जाग आली, अंथरुणात दोन बोटं मनगटावर ठेवून साठ सेकंद मोजायचं, ७४, ७६, ७२. मग मी उठते आणि दहा वाजेपर्यंत माझी कामं आटोपतात. आणि लगेच मनात येतं, आज लवकर आटोपली का? हात चालले जरा जास्तच? गेल्या आठवड्यात माळ्यावरचं सामान काढलं, ते मला काढावंसं वाटलं की ग्रंथीला? गुणगुणावंसं वाटलं तर संशय, रडावंसं वाटलं तर संशय. आणि सगळ्यांत लाजिरवाणं हे की कधीकधी, कुणाला सांगू नये अशा एखाद्या दुपारी, मला तो उरक परत हवासा वाटतो. ते पहाटेचे तीन, ते चार पाट्या रातांबे, तो सासूबाईंचा आवाज. आयुष्यात एकदाच मी या घरातली सगळ्यांत कामसू बाई होते, आणि ते दुखणं निघालं.

मार्गशीर्षात नवऱ्याशी भांडण झालं. आगराची खालची पट्टी, जिथे जुन्या पोफळी आहेत आणि मी चार वर्षांपूर्वी मिरीचे वेल चढवलेत, ती कुणा मुंबईवाल्याला देऊन टाकायचं त्यानं आणि दिरांनी परस्पर ठरवलं होतं. मला कळलं ते मोजणीवाला आला तेव्हा. मी बोलले. बरंच बोलले. नवरा शांतपणे ऐकत होता आणि मग अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, “आजची गोळी घेतलीस ना?”

मी काही न बोलता आत गेले. देवघरापाशी पाटावर बसले. घड्याळ समोर घेतलं. पंधरा मिनिटं गप्प बसून राहिले आणि मग मोजलं. शहात्तर. पुन्हा मोजलं. शहात्तर. हात पुढे करून बोटं पसरली, त्यांच्यावर पंचांगाचं पान ठेवलं. हललं नाही. राग मात्र जसाच्या तसा होता, गरम, जड, खाली तळाला बसलेला. मी बाहेर आले आणि म्हटलं, “शहात्तर. हा राग माझा आहे. पट्टी द्यायची नाही.” त्याला आधी काही कळलंच नाही. सासूबाई वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, फक्त म्हणाल्या, “मिरी तिनं लावलीय.” पट्टी अजून आमचीच आहे. मुंबईवाल्यानं पलीकडच्या वाडीत घेतली.

त्याच्या पुढच्याच महिन्यात डॉक्टरांनी पाचाची अडीच केली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते अर्धुक खळ्यात उडालं. ती भिंत आता अर्ध्या गोळीएवढी उरली होती, आणि ती माझ्या हातून निसटली म्हणून मी रांगत होते बहुतेक. किंवा नुसतीच थकले असेन. दीड वर्ष स्वतःवर पाळत ठेवून माणूस थकतो.

फाल्गुनात सुपारी सोलायला काढली. पालखी घरी यायच्या आत खळं मोकळं करायचं होतं. शेवटचं पोतं उपडं केलं तेव्हा चोडांच्या भुशात, तळाशी, एक फिकट, जवळजवळ पांढरा झालेला तुकडा दिसला. एका बाजूनं सरळ कापलेला. दोन महिने तो उन्हात वाळला, दवात भिजला, रोज संध्याकाळी सुपारीबरोबर गोळा होऊन सकाळी पसरला गेला, आणि मुंग्यांनीही त्याला तोंड लावलं नाही. त्याच आठवड्यात मी चिपळूणला रक्त देऊन आले होते, अँटिबॉडीसकट. ती उतरलेली निघाली तर अर्धीही बंद. कागद यायचा होता.

मी तो तुकडा केराच्या सुपात टाकला.

सासूबाईंनी सुपात हात घालून तो काढला, पदरानं पुसला आणि उन्हात धरून बघितला. “टाकतेस काय? अर्धी असली म्हणून काय फुकट आलीय?” मी म्हटलं, आई, ती खराब झाली, आता घ्यायची नाही. त्यांना ते फारसं पटलं नाही. कमरेची चंची सोडून त्यांनी तो तुकडा कात-चुन्याच्या शेजारी, रिकाम्या कप्प्यात ठेवला, आणि अडकित्ता उचलून पुढची सुपारी घेतली.